खोट्या पेशंटला खरी भाषा हवी



डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांना सराव मिळावा म्हणून चांगल्या धडधाकट माणसाला पेशंट बनवून त्यांच्यासमोर बसवतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. अमेरिकावाल्यांना तर नक्कीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा माणूस नट असतो, किंवा नटासारखा तयार केलेला असतो. त्याला एक आजार, एक घर, एक नोकरी आणि एक स्वभाव पाठ करायला दिलेला असतो. छातीत नक्की कुठे दुखतं, कधीपासून, दारू पितो का, अमुक गोष्ट आपणहून सांगायची की विचारलं तरच, सगळं ठरलेलं. विद्यार्थी येतो, विचारपूस करतो, तपासतो. मग हा गृहस्थ सोंग उतरवतो आणि त्या विद्यार्थ्याला सांगतो की तू माझ्याशी कसा वागलास. याला सिम्युलेटेड पेशंट म्हणतात. परीक्षेसाठी शंभर विद्यार्थ्यांसमोर शंभर वेळा अगदी एकसारखा आजारी पडत असेल तर स्टँडर्डाइज्ड पेशंट. मी पुढे सरळ नट-पेशंट म्हणतो.

पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं. सायनफेल्ड बघणाऱ्यांना १९९८ सालचा तो भाग आठवत असेल, ज्यात क्रेमर मेडिकलच्या पोरांसमोर गुप्तरोगाचा पेशंट होऊन असा काही अभिनय करतो की... असो, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहावा. पण मूळ कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पद्धत उत्तम आहे, आपल्याकडे ती फार उशिरा येते आहे. इथे कतारमध्ये ती आहे, पण तिचा उपयोग ज्याला सगळ्यात जास्त व्हायला हवा तो माणूस म्हणजे इंडस्ट्रियल एरियातला कामगार. त्याच्यापर्यंत तो पोचायचा असेल तर नट-पेशंटने त्या कामगाराच्या भाषेत कण्हायला शिकलं पाहिजे.

मी डॉक्टर नाही, हे सांगायला हवं. साधा इंजिनियर, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत हजेरी आणि पगाराची सॉफ्टवेअर सांभाळतो. ऑफिस दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, म्हणजे इथल्या भाषेत 'सनैया'त. कॉर्निशवरचे फोटो तुम्ही पाहिले असतील, सनैयाचे कुणी काढत नाही. नंबराने ओळखले जाणारे रस्ते, गॅरेज, वर्कशॉप, सिमेंटच्या आणि पाण्याच्या गाड्या, त्यांच्या मागेपुढे कामगारांचे कँप. करोनाच्या वेळी, मार्च २०२० मध्ये, स्ट्रीट १ ते ३२ हा सगळा पट्टा सील केला होता तेव्हा हे नाव जगभरच्या बातम्यांत आलं, तेवढंच.

आता थोडा इतिहास, कारण तो मजेदार आहे. ही कल्पना हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाची. १९६३ साली, लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात त्याने एका बाईला पेशंट व्हायला शिकवलं. ती चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसायची, म्हणजे तासन् तास अंगावर ताबा ठेवणं हा तिचा पेशाच. तिने पायातली शक्ती गेलेल्या, मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या स्त्रीचं सोंग घेतलं, आणि ते सोंग बॅरोजने एका खऱ्या पेशंटवरून बेतलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, स्टीफन अ‍ॅब्रहॅमसनबरोबर त्याने यावर निबंध लिहिला आणि नाव दिलं 'प्रोग्रॅम्ड पेशंट'. आमच्या धंद्यातलंच नाव की हो! हॉलिवूड शेजारीच असल्यामुळे पेपरवाल्यांनी यथेच्छ टिंगल केली, आणि कॉलेजातल्या सहकाऱ्यांनाही ते काही फारसं रुचलं नाही.

बॅरोजच्या डोक्यात हे आलं कसं, याची त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. पूर्वी परीक्षेला खरे पेशंट बसवायचे. (आपल्याकडे अजूनही बसवतात.) अशाच एका पेशंटला मज्जारज्जूचा आजार होता. दिवसभर परीक्षार्थी येत होते, टोचत होते, ठोकत होते. त्यातला एक जण फारच आडदांडपणे वागला. मग या पठ्ठ्याने काय करावं? त्याच्यापुरती लक्षणंच बदलली! तळपायावरून किल्ली फिरवल्यावर ज्या पायाचा अंगठा वर जायला हवा तो सोडून दुसऱ्याच पायाचा वर केला, आणि कुठे लागतं कुठे नाही हेही बदलून सांगितलं. बॅरोजला त्याने हे नंतर खुशीत सांगितलं. म्हणजे माणूस आजाराचं सोंग वठवू शकतो हे बॅरोजला एका वैतागलेल्या पेशंटने शिकवलं.

पुढचं भराभर सांगतो. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डनने 'ऑस्की' नावाची परीक्षा मांडली: ओळीने खोल्या किंवा टेबलं, प्रत्येक ठिकाणी ठराविक मिनिटं, घंटा वाजली की पुढे. त्यातल्या कित्येक ठिकाणी नट-पेशंट. अमेरिकेत परदेशी डॉक्टरांसाठी अशी परीक्षा १९९८ पासून होती, आणि २००४ पासून सगळ्यांनाच 'स्टेप टू सी. एस.' द्यावी लागायची. हजारावर डॉलर फी, वर विमानाचं तिकीट, ठराविक पाचसहा शहरांतच केंद्रं. तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या बहिणीने-मेव्हण्याने त्यासाठी फिलाडेल्फिया नाहीतर शिकागो गाठलेलं असणार. दार वाजवा, नाव सांगा, हात धुवा, चादर नीट पांघरा... ती परीक्षा मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं. इंग्लंडात प्लॅबच्या दुसऱ्या भागात मात्र नट-पेशंट अजून आहेत.

आणि आखातात? इथे येणाऱ्या डॉक्टर-नर्स मंडळींची परीक्षा असते, संगणकासमोर बसून पर्यायांवर खुणा करायच्या. त्यात माणूस नाही. पण कतारमध्येच डॉक्टर होणाऱ्यांसाठी २००१ साली एज्युकेशन सिटीत कॉर्नेल विद्यापीठाचं वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेज आलं. तिथली पहिली तुकडी २००८ मध्ये बाहेर पडली. तिथे नट-पेशंटचा रीतसर कार्यक्रम आहे. दोह्यात राहणारी साधी माणसं निवडून तयार करतात, व्यावसायिक नटच लागतो असं नाही. याच कॉलेजाने हॉस्पिटलमधल्या दुभाष्यांना शिकवण्याचंही काम केलं आहे, म्हणजे भाषेचा प्रश्न त्यांना कळत नाही असं मुळीच नाही. कतार युनिव्हर्सिटीचं मेडिकल कॉलेज २०१५ पासून सुरू आहे. तेव्हा एज्युकेशन सिटीपासून सनैया गाडीने अर्ध्या तासावर आहे, आणि माझं सगळं म्हणणं या अर्ध्या तासाबद्दल आहे.

कामगार आजारी पडला की कुठे जातो? रेड क्रेसेंट चालवतं ती कामगारांची आरोग्य केंद्रं आहेत. २०१८ मध्ये इंडस्ट्रियल एरियाजवळ हज्म मबैरीक हे मोठं सरकारी हॉस्पिटल मुख्यतः याच लोकांसाठी सुरू झालं. शिवाय खाजगी दवाखाने. म्हणजे भिंती, यंत्रं, औषधं आहेत, आणि डॉक्टरही आहेत. डॉक्टर इजिप्तचा, सुदानचा, जॉर्डनचा, पाकिस्तानचा, आपला मल्याळी. पेशंट नेपाळचा, बांगलादेशचा, बिहारचा, तेलंगणाचा, श्रीलंकेचा. मधली भाषा म्हणजे सनैयाची हिंदी. तिच्यात क्रियापदाला लिंग नसतं, वचन नसतं, आणि काळ एकच. 'दर्द है', 'दर्द नहीं', 'थोडा थोडा', 'ठीक है'. या चार शब्दांत माणसाचा आजार मावतो का?

एक प्रसंग सांगतो. आमच्या वर्कशॉपला खेड तालुक्यातला एक वेल्डर आहे, चाळिशीचा, मोजकं बोलणारा. जुलै महिना. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे (२०२१ पासून हे तास वाढवलेत), त्यामुळे पहाटे अंधारात बस निघते. साइटवर संडास लांब, म्हणून ही मंडळी पाणीच कमी पितात. त्याला लघवीला जळजळ व्हायला लागली आणि कंबरेत कळ यायला लागली. घरी असता तर म्हणाला असता, "उन्हाळी लागलीय." आपल्याला लगेच कळतं. कॅम्प बॉस त्याला दवाखान्यात घेऊन गेला. आता 'उन्हाळी'ला हिंदी शब्द काय? याने आपल्या परीने भाषांतर केलं, "गर्मी हुआ है." कॅम्प बॉसने डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं, हीट प्रॉब्लेम, बॅक पेन. बाहेर रांग लागलेली. डॉक्टरने मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या, कंबरेसाठी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या, आराम सांगितला. सांगितलेल्या तक्रारीवर उपचार अगदी बरोबर!

आठ-नऊ दिवसांनी रात्री गडी खाटेवर मासोळीसारखा तडफडत होता. कॅम्प बॉस दुसरीकडे अडकला होता म्हणून मला फोन आला. त्या रात्री तो माझ्याशी मराठीत दहा मिनिटं बोलला. इतका बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, कळ अशी मागनं सुरू होते नि खाली जांघेत उतरते, जीव नुसता खालीवर होतो." मुतखडा होता. ही वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत सांगितल्यावर तिथल्या डॉक्टरला शंका उरली नाही. पुढे सगळं नीट झालं, तो कामावर आहे. माझा मेव्हणा डॉक्टर आहे, तो नंतर फोनवर म्हणाला की शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्यांचा किडनीवर ताण येऊ शकतो, वेळीच कळलं ते बरं झालं. (ता. क. सारखं एक: मराठीत आणि हिंदीत 'गरमी'चा आणखी एक अर्थ आहे, तो वर सायनफेल्डच्या संदर्भात आलेलाच आहे. कॅम्प बॉसला तो अर्थ सुचला नाही हे वेल्डरचं नशीब. :-) )

यात पहिल्या डॉक्टरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. तो ज्या पद्धतीने शिकला असेल त्या पद्धतीत त्याच्यासमोर असा पेशंट कधी सरावासाठी आलाच नसेल, जो 'गरमी' म्हणतो आणि ज्याचा अर्थ लघवीची जळजळ असतो. शिकताना सराव कुठे करायचा, चुकायचं कुठे, हा तर सगळ्या पद्धतीचा गाभा आहे.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो, माफ करा, सवय आहे. नवीन सॉफ्टवेअर तपासायला खोटी माहिती भरतात. त्या खोट्या माहितीतली माणसं फार नीटनेटकी असतात. प्रत्येकाला एक नाव, एक आडनाव, एक जन्मतारीख. सगळं छान चालतं. मग खऱ्या माणसांची माहिती येते. अर्ध्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा, कित्येकांची जन्मतारीख १ जानेवारी, एकाच कँपात चौदा मोहम्मद रफिक. आणि पगाराच्या आदल्या दिवशी सॉफ्टवेअर आडवं होतं. दोष कुणाचा? खोटी माहिती भरणाऱ्याने आपल्यासारखीच माणसं कल्पिली, एवढंच. नट-पेशंटचं तेच आहे. तो सुशिक्षित असेल, इंग्रजीत सलग सांगणारा असेल, "डावीकडे, कालपासून, जेवणानंतर वाढतं" असं उत्तर देणारा असेल, तर विद्यार्थी तुमच्या-माझ्याशी बोलायला शिकतो. आपल्याशी बोलायला डॉक्टरला तशी अडचण नसतेच, आपण गूगल करूनच गेलेलो असतो.

आणि प्रश्न नुसत्या शब्दांचा असता तर मोबाईलमधल्या भाषांतराने भागलं असतं. कामगार बरंचसं बोलतच नाही. इथे आल्या आल्या रेसिडेन्स परमिटसाठी मेडिकल कमिशनची तपासणी होते, रक्त, एक्स-रे. तिथे 'अनफिट' ठरला की परत. गावाकडे एजंटाला दिलेलं कर्ज डोक्यावर. ती भीती अंगात अशी मुरते की पुढे पांढऱ्या कोटातला कुठलाही माणूस त्याला परत पाठवणाराच वाटतो. खोकला आहे का? नहीं. झोप लागते? ठीक है. कतारच्या कामगार कायद्याप्रमाणे तीन महिने नोकरी झाली की आजारपणात पहिले दोन आठवडे पूर्ण पगार मिळतो, पण ओव्हरटाइम कोण देणार? आणि शेजारी कंपनीचाच माणूस दुभाष्या म्हणून उभा. तुम्ही तरी सांगाल का, की दोन महिने झोप नाही, मचाणावर चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते?

आपल्यात म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे नटाला नेमकं पैशाचंच सोंग आणायचं आहे, उलट्या बाजूने. अर्धांगवायू वठवणं एक वेळ सोपं, कर्ज वठवणं कठीण. "ठीक है" हे दोन शब्द असे म्हणायचे की चांगल्या विद्यार्थ्याला त्यामागचं 'ठीक नाही' ऐकू यावं आणि घाईतल्याला येऊ नये. असा नट-पेशंट मला हवा आहे. त्याच्याबरोबर दुसरा नटही हवा, कॅम्प बॉसचं सोंग घेतलेला. पेशंट अर्धा मिनिट बोलला तरी "फीवर" एवढंच भाषांतर करणारा. अशा वेळी विद्यार्थ्याने त्याला नम्रपणे बाहेर थांबायला कसं सांगायचं, किंवा पेशंटकडे बघून बोलायचं आणि दुभाष्याकडे फक्त कान द्यायचा, हे पुस्तक वाचून येत नाही, करूनच येतं.

यावर आक्षेप येणार हे मला माहीत आहे. चारचौघांत बोललो तेव्हा आलेच. पहिला, की नट लोक नेपाळी म्हटलं की हिंदी सिनेमातला 'शाब जी' गुरखा उभा करतील. ही भीती अगदी रास्त आहे, आणि तसं झालं तर न केलेलं बरं. म्हणून वर म्हटलं, बॅरोजने पहिलं सोंग खऱ्या पेशंटवरून बेतलं होतं. नेपाळी माणूस 'झमझम' म्हणतो तेव्हा ते मुंग्या येणं असतं, कधी मनाचं दुखणंही त्याच शब्दातून बाहेर येतं. हे नेपाळी माणसाकडूनच कळणार. सगळ्यात उत्तम म्हणजे कामगारांनाच नट-पेशंट करावं, सुट्टीच्या दिवशी, रीतसर मोबदला आणि मालकाची लेखी परवानगी घेऊन. फुकट नको. प्रमाणपत्र आणि बिर्याणीचं पाकीट यावर त्यांची बोळवण इथे खूप वेळा झालेली आहे.

दुसरा आक्षेप, की यातून डॉक्टरही अभिनयच शिकतात. "हे ऐकून वाईट वाटलं" असं घोकलेलं वाक्य, परीक्षकाच्या कागदावर एक खूण. आम्ही कॉल सेंटरच्या जमान्यातली माणसं, 'आय अंडरस्टँड युवर कन्सर्न' ऐकलं की आपलं काम होणार नाही हे ओळखतो. आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेतली ती परीक्षा बंद झाली तेव्हा तिच्याबद्दल फार कुणी रडलं नाही, त्याचं एक कारण हेही असावं. पण माझं म्हणणं परीक्षेबद्दल नाहीच, शिकण्याबद्दल आहे. आणि खरं सांगू का, घोकलेलं "बसा" हे न म्हटलेल्या "बसा"पेक्षा बरंच.

तिसरा आक्षेप आमच्याच बिरादरीचा: आता ए. आय. आहे, पेशंटही तोच होईल, कुठल्याही भाषेत. होईल की. प्राथमिक सरावाला स्वस्त आणि मस्त. पण त्याला घाम येत नाही, तो नजर खाली घालत नाही, त्याचा शर्ट वर करून पाठ दाबता येत नाही. आणि तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ही त्याची मोठी अडचण आहे. खेडचा वेल्डर देत नाही.

चौथा आक्षेप आपल्या भारतातल्या डॉक्टर मित्रांचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, आम्ही ससूनला, के. ई. एम.ला, जे. जे.ला खऱ्या पेशंटवर शिकलो, आम्हाला नटाची काय गरज? खरं आहे, तिथल्या वॉर्डात दिसतं ते जगात कुठे दिसत नाही. पण त्या पेशंटच्या बाजूने बघा ना. वाढलेली प्लीहा असलेला एखादा बापडा खाटेवर पडलेला, आणि एका सकाळी वीस पोरं ओळीने त्याचं पोट दाबून जातात. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) मध्ये डीन अस्थाना विद्यार्थ्यांसमोर पेशंटला 'सब्जेक्ट' म्हणतो, त्यावर आपण थिएटरात हळहळलो, कारण ते खोटं वाटलं नाही. शिकाऊ डॉक्टरची पहिली चूक कुणाच्या तरी अंगावर होणारच. ती आजवर गरिबाच्या अंगावर होत आली. ती नटाच्या अंगावर व्हावी, ज्याला त्याचे पैसे मिळतात आणि जो उठून सांगू शकतो की "डॉक्टर, तुमचे हात गार होते आणि तुम्ही मला विचारलंही नाहीत."

आणि गंमत म्हणजे हे सुरू करायला महाराष्ट्राइतकी योग्य जागा नव्हती! पुण्याचं बी. जे. मेडिकल घ्या. डॉ. श्रीराम लागू तिथले, कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. जब्बार पटेल तिथले, बालरोगतज्ज्ञ. डॉ. मोहन आगाशे तिथले, मनोविकारतज्ज्ञ. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं तेव्हा दिग्दर्शक डॉक्टर आणि नाना फडणवीसही डॉक्टर. सतीश आळेकर त्याच कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरीला होते. एका कॉलेजाने मराठी रंगभूमीला इतकी माणसं दिली. रंगभूमीने परत काय दिलं? काहीच नाही असं म्हणणार नाही. 'देवराई' (२००४) पाहून स्किझोफ्रेनिया म्हणजे काय हे कितीतरी घरांना कळलं. 'अस्तु'मध्ये तर आगाशे स्वतः स्मृतिभ्रंशाचे पेशंट झाले, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाने नट-पेशंट व्हावं याहून अधिक काय पाहिजे. पण ते पडद्यावर. वर्गात, विद्यार्थ्याच्या समोरच्या खुर्चीत, नट बसवायचं काम रेंगाळलंच.

आता निदान कागदावर सोय आहे. २०१९ च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलणं, वागणं, नीतिमत्ता यांचा 'एटकॉम' नावाचा भाग आला. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तासही आहेत. ते हवेतच, कारण भाषेचा प्रश्न फक्त सनैयाचा नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ कॉलेजात राजस्थानचा किंवा केरळचा विद्यार्थी आला तर "अंगात कसर हाय", "पोटात डोंब उसळलाय", "कसंनुसं होतंय" हे त्याने कुठून समजून घ्यावं? पुस्तकी मराठीत तर हे नाहीच. माझ्या डोक्यात एक वेडी कल्पना आहे. तमाशातला सोंगाड्या बोलवा. समोरच्याने काहीही विचारलं तरी आपलं पात्र न सोडता उत्तर द्यायची ती कला त्याच्यात पिढ्यांची मुरलेली आहे, आणि आजकाल फडांना कामही कमी आहे. त्याला महिनाभर पोटाच्या आजाराचं शिक्षण द्या आणि बसवा अंबाजोगाईच्या वर्गात. मुलं जन्मात विसरणार नाहीत.

पण ते तिकडचं, तिकडचे लोक बघतील. इथे आपण काय करू शकतो? दरवर्षी गणपतीत आणि मराठी दिनाला आपल्या मंडळांत एकांकिका होतात. दाढ्या चिकटवतो, दोन महिने तालमी करतो, बायकामुलं कंटाळतात. हौस आहे, वेळ काढता येतो, पाठांतर होतं. नट-पेशंटला यापेक्षा फार वेगळं काय लागतं? आपण कामगार होऊ नये, ते आपल्याला जमणार नाही आणि शोभणारही नाही. पण कॅम्प बॉस, एच. आर.वाला, घाईतला दुभाष्या ही पात्रं आपल्याला न शिकवता येतील. :-) कामगाराची भूमिका कामगारानेच करावी, आणि तालमीला आपण त्याच्या हाताखाली असावं. शेवटी सोंग उतरवल्यावर तोच विद्यार्थ्याला सांगेल, तुम्ही माझ्याशी बोललात की माझ्या शेजारच्या माणसाशी. सनैयात राहणाऱ्या माणसाला "डॉक्टर तुझ्याशी कसा वागला" हे आजपर्यंत कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

मी माझ्यापुरतं एक काम सुरू केलं आहे. एक्सेलमध्ये एक यादी करतोय: दुखण्याचे शब्द. एका रकान्यात माणूस म्हणतो ते जसंच्या तसं, दुसऱ्यात भाषा आणि जिल्हा, तिसऱ्यात त्याचा अर्थ, आणि चौथ्यात ओळखीच्या एका डॉक्टरने तपासून लिहिलेलं. आमच्या मेसमध्ये शुक्रवारी जेवणानंतर विचारत बसतो, लोकांना मजा वाटते. मराठीतले, नेपाळीतले, भोजपुरीतले, तेलुगूतले मिळून दीडशेच्या आसपास झाले आहेत. उन्हाळी पहिल्याच ओळीत आहे. बंगाली आणि सिंहलीत अजून फारसं काही नाही, तिथे कुणाची मदत झाली तर हवी आहे. मराठीतही कोकण आणि मराठवाडा बरा भरला आहे, खानदेश आणि विदर्भ जवळजवळ रिकामा आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडचे, गावाकडच्या शेजाऱ्यांचे शब्द आठवतील तसे कळवा. शब्दाबरोबर तालुका जरूर लिहा, आणि शक्य तर आख्खं वाक्य, नुसता शब्द नको.

आपला,
सनैयातला एक इंजिनियर